भुरट्या चोराचे काळे पाणी

काळे पाणी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अंदमानचे सेल्युलर जेल येते, कोलू येतो, स्वातंत्र्यवीर सावरकर येतात. ते साहजिकच आहे. ‘माझी जन्मठेप’ ज्याने एकदा वाचले, त्याला दुसरे काय आठवणार? पण तेच पुस्तक कधीतरी थोड्या वेगळ्या नजरेने चाळून पाहा. सावरकरांच्या कोठडीवर पहारा करणारा, कोलूवर उभा राहून तेल मोजून घेणारा, शिव्या घालणारा जो वॉर्डर, जो पेटी ऑफिसर, जो जमादार आहे, तोही कैदीच आहे. त्याच्याही गळ्यात कधीकाळी नंबराचा बिल्ला लटकलेला होता. राजबंदी तिथे मूठभर. बाकीचे सारे खुनी, दरोडेखोर आणि चोर. खुन्याला आणि दरोडेखोराला समुद्रापार धाडले, हे एकवेळ समजते. पण चोराला? तेही घरफोडीच्या किंवा गुरे चोरल्याच्या गुन्ह्यासाठी? आजचे बोलणे या शेवटच्या माणसाबद्दल आहे. त्याच्या गोष्टीचा एक धागा आपल्या धरणगावातून जातो. पण तिथे पोहोचायला आधी लंडनला जावे लागेल, कारण ही शिक्षा मुळात तिथली.

अठराव्या शतकातला इंग्रजांचा फौजदारी कायदा आज वाचला तर अंगावर काटा येतो. एक शिलिंगाहून अधिक किमतीची वस्तू चोरली की तो मोठा गुन्हा. दुकानातून पाच शिलिंगांचा माल लपवून नेला, तर फाशी. राहत्या घरातून चाळीस शिलिंगांचा ऐवज नेला, तरी फाशी. शतक संपता संपता फाशीला पात्र अशा गुन्ह्यांची संख्या दोनशेच्या वर गेली होती. आता इतक्या माणसांना खरोखरच लटकवायचे कसे? पंचांनाही दया येई. मग चाळीस शिलिंगांचा ऐवज एकोणचाळीस शिलिंगांचा ठरवायचा, आणि गळ्यातला फास काढून माणसाला जहाजावर चढवायचे, अशी पद्धत पडली. १७१८ मध्ये त्यासाठी कायदाच झाला आणि चोरांची रवानगी अमेरिकेतल्या वसाहतींत होऊ लागली. १७७६ मध्ये अमेरिका स्वतंत्र झाली, तो रस्ता बंद पडला. काही वर्षे कैद्यांना थेम्स नदीत उभ्या केलेल्या मोडक्या जहाजांवर कोंडून ठेवले. अखेर १७८८ च्या जानेवारीत कैद्यांचा पहिला तांडा ऑस्ट्रेलियात सिडनीच्या किनाऱ्याला लागला. पुढच्या ऐंशी वर्षांत सुमारे एक लाख बासष्ट हजार माणसे त्या वाटेने गेली. त्यांतल्या फार मोठ्या संख्येचा गुन्हा एकच, चोरी.

त्यांच्यापैकी एका मुलीची हकिगत सांगतो. तिचे नाव मेरी वेड. लंडनच्या रस्त्यांवर झाडू मारणारी, मधूनमधून भीक मागणारी पोर. वय अकरा ते तेराच्या दरम्यान. गरिबाच्या पोरीचे नेमके वय कोण लिहून ठेवतो? १७८८ साली तिने आणि तिच्याहून थोड्या मोठ्या असलेल्या जेन व्हायटिंगने मिळून आठ वर्षांच्या एका मुलीला शौचकुपात नेले आणि तिच्या अंगावरचे कपडे काढून घेतले. एक सुती फ्रॉक, गळ्याभोवती घ्यायचे एक तागाचे वस्त्र आणि एक टोपी. एवढाच मुद्देमाल. फ्रॉक गहाणवट्याकडे अठरा पेन्सला गेला. दुसऱ्या एका मुलीने चुगली केली, मेरीच्या खोलीत गळ्यातले वस्त्र सापडले, आणि १४ जानेवारी १७८९ ला लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयाने दोघींना फाशी सुनावली.

फाशी टळली ती राजाच्या आजारपणामुळे. तिसरा जॉर्ज त्या वर्षी वेडाच्या झटक्यातून बरा झाल्याचे जाहीर झाले, त्या आनंदात मार्चमध्ये फाशीच्या बायकांना दया दाखवण्यात आली. मेरी ‘लेडी जुलियाना’ नावाच्या जहाजावर चढली. जहाजावर दोनशेवर बायका होत्या. जून १७९० मध्ये ते सिडनीला पोहोचले, तेव्हा तिथली वसाहत उपाशी होती. क्षितिजावर शीड दिसताच धान्य आले म्हणून लोक धावले, आणि उतरल्या त्या खाणारी आणखी दोनशे तोंडे!

मेरीला तिथून नॉर्फोक बेटावर धाडले. पुढे ती परत मुख्य भूमीवर आली, जोनाथन ब्रूकर नावाच्या एका सुटलेल्या कैद्याबरोबर तिने शेती केली, १८१७ मध्ये त्याच्याशी रीतसर लग्न केले. तिला एकवीस मुले झाल्याची नोंद आहे. १८५९ च्या डिसेंबरात ती वारली तेव्हा ऐंशी ओलांडलेली होती, आणि तिची हयात लेकरे-नातवंडे-पणतवंडे तीनशेच्या वर होती. पुढे ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान झालेले केव्हिन रड हे तिच्याच वंशातले. अठरा पेन्सच्या फ्रॉकमागे एवढा मोठा खटला!

ही गोष्ट कोणी गोड करून सांगू नये. पोरीला आईपासून कायमचे तोडले, अकरा महिने जहाजात कोंबले, परत येण्याचे भाडे कोणी दिले नाही. पण तिथे पोहोचल्यावर तिला काय मिळाले ते पाहा. नवरा, जमीन, शिक्षेचा शेवट, आणि दफ्तरात नाव. तिच्या खटल्यातले सवाल-जबाब ओल्ड बेलीच्या छापील अहवालांत आजही वाचता येतात. तिच्या वंशजांना ‘आमची आजी चोर होती’ असे सांगताना आज लाज वाटत नाही, उलट थोडा रुबाबच वाटतो.

आता आपल्याकडे वळू. मेरी वेडचे जहाज निघाले त्याच सुमारास ईस्ट इंडिया कंपनीनेही हिंदुस्थानातले कैदी समुद्रापार धाडायला सुरुवात केली होती. १७८७ पासून सुमात्रा बेटावरचे बेंकूलन, १७९० पासून पेनांग, १८१५ पासून मॉरिशस, १८२५ पासून सिंगापूर, मग ब्रह्मदेशाचा किनारा, एडन, आणि १८५८ पासून अंदमान. म्हणजे अंदमान हा या यादीतला शेवटचा मुक्काम. त्याआधीच्या सत्तर वर्षांतले काळे पाणी आपण पार विसरून गेलो आहोत.

कंपनीचा हिशेब साधा होता. रस्ते फोडायला, दलदल भरायला, बंदरे बांधायला मजूर हवेत आणि ते फुकट हवेत. शिवाय समुद्र ओलांडला की जात जाते, या समजुतीचा धाक कंपनीने मुद्दाम जोपासला. बंगालात तर जन्मठेपेच्या कैद्याच्या कपाळावर त्याचे नाव आणि गुन्हा गोंदवून काढत. ती पद्धत १८४९ साली बंद झाली. तोवर कित्येक जण पागोटे भुवयांपर्यंत ओढूनच वावरत.

कोणाला पाठवायचे, याचा नियम मात्र सगळीकडे सारखा नव्हता. मुंबई शहरात इंग्रजांचा कायदा चाले. १८२४ पासून तिथे सुप्रीम कोर्ट होते. त्यामुळे मुंबईच्या एखाद्या घरगड्याने मालकाच्या घरातून चीजवस्तू लांबवली, तर लंडनच्या चोराप्रमाणे त्यालाही समुद्रापारची शिक्षा होऊ शके. शहराबाहेर, म्हणजे आपल्या मुलखात, कंपनीचे स्वतःचे नियम होते. माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत १८२७ साली ते एकत्र बांधले गेले. त्यातला चौदावा नियम गुन्हे आणि शिक्षांचा. फाशी, समुद्रापार रवानगी, कैद, दंड, फटके, भर बाजारात धिंड, अशी शिक्षांची उतरंड त्यात आहे. साध्या चोरीला फटके आणि कैद. पण तीच चोरी टोळीने केली, हत्यार दाखवून केली किंवा पुन्हापुन्हा केली, की माणूस वरच्या पायरीवर चढे. आणि टोळी कशाला म्हणायचे, हे ठरवणार कोण? तर सरकारच.

इथे खानदेश येतो.

१८१८ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात आला तेव्हा हा मुलूख उजाड होता. होळकरांच्या स्वाऱ्या आणि १८०३ चा दुष्काळ यांनी गावेच्या गावे ओस पाडली होती. सातपुड्यात आणि अजिंठ्याच्या रांगांत भिल्ल होते. पिढ्यान्‌पिढ्या गावाची, घाटाची राखण करायची आणि त्याबद्दल गावाकडून धान्याचा, पैशाचा हक्क घ्यायचा, हा त्यांचा व्यवहार. दंगलीच्या काळात तो व्यवहार मोडला. हक्क थकले. मग ज्याची राखण करायची त्याच्याच गोठ्यातून बैल सोडायचा, खळ्यावरून धान्य उचलायचे, हे सुरू झाले. भिल्लांच्या लेखी ही थकबाकीची वसुली. गावकऱ्यांच्या लेखी लूट. धुळ्याला बसलेल्या कॅप्टन ब्रिग्जच्या लेखी गुन्हा. तिघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे धरले, तरी बेडी पडायची ती एकाच्याच पायात. ब्रिग्जने घाट रोखले, डोंगराकडे जाणारे धान्य तोडले, चील नाईकाला १८१९ मध्ये फासावर दिले. बंदोबस्त काही होईना.

तेव्हा, १८२५ साली, जेम्स औट्रम नावाचा एक तरुण अधिकारी धरणगावला आला. काम होते भिल्लांची पलटण उभारण्याचे. सगळ्यांनी त्याला वेड्यात काढले. चोराच्या हाती तिजोरीच्या किल्ल्या देण्यातलाच हा प्रकार. भिल्लांनाही वाटत होते की हा एका जागी गोळा करून मारण्याचा डाव आहे. औट्रम एकटा डोंगरात गेला, त्यांच्याबरोबर राहिला, वाघांच्या शिकारी केल्या, त्यांच्याबरोबर दारूही प्यायला. आरंभी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके लोक आले. मग वाढत वाढत धरणगाव हे भिल्ल कोअरचे ठाणेच झाले. काल ज्यांच्या नावाने वॉरंटे निघत होती, ते आज पट्टा बांधून घाटावर पहारा देऊ लागले. ही पलटण मालेगावच्या छावणीत गेली तेव्हा तिथल्या उच्चवर्णीय शिपायांनी त्यांना पानसुपारी दिली, अशी गॅझेटियरमध्ये नोंद आहे. ज्यांची सावली टाळायची त्यांना पानसुपारी! त्या काळाच्या मानाने ही गोष्ट लहान नव्हे.

औट्रमला देवमाणूस ठरवण्याचे मला कारण दिसत नाही. त्याला मुलूख शांत हवा होता, सारा वसूल व्हायला हवा होता, आणि भिल्लांना भिल्लांकरवी आवरणे सर्वांत स्वस्त होते. पट्टा बांधलेल्या भिल्लाने डोंगरातल्या आपल्याच भाऊबंदाला पकडून आणायचे, असा तो सौदा. तो नेहमी टिकलाही नाही. सेंधव्याच्या घाटावर वर्षानुवर्षे सरकारची राखण करणाऱ्या खाज्या नाईकाला एका कैद्याच्या मृत्यूबद्दल शिक्षा झाली, तो सुटला, पुन्हा नोकरीवर घेतला गेला आणि १८५७ मध्ये त्याने सरळ बंडाचे निशाण उभारले. पण एवढे मान्य करायला हवे की एकाच गुन्ह्याच्या, एकाच डोंगरातल्या दोन माणसांपुढे त्या काळी दोन वाटा होत्या. एक धरणगावच्या कवायतीच्या मैदानावर जाणारी. दुसरी समुद्राकडे.

दुसऱ्या वाटेवर लागलेल्याचे काय होई? आगगाडी यायला अजून तीसेक वर्षे होती. धुळ्याहून मुंबई सव्वातीनशे किलोमीटर. पायांत बेड्या, पुढेमागे पहारेकरी, मालेगाव, नाशिक, कसाऱ्याकडचा थळ घाट, ठाणे, असा तो पायी प्रवास. ठाण्याच्या जुन्या किल्ल्यात तुरुंग होता. इलाख्यातले समुद्रापार जाणारे कैदी तिथे जमा होत, जहाज मिळेपर्यंत थांबत. पुढे १९११ मध्ये खुद्द सावरकरांनाही ठाण्याच्याच तुरुंगातून आगगाडीने मद्रासला नेले आणि तिथून जहाजावर चढवले. ज्याने आयुष्यात तापीच्या पुरापेक्षा मोठे पाणी पाहिलेले नाही, त्या माणसाने मुंबईच्या धक्क्यावर उभे राहून काय पाहिले असेल, याची कल्पनाच केलेली बरी. जहाजावर शिजवलेले अन्न कोणाच्या हातचे, हा प्रश्न नको म्हणून बहुधा कोरडा शिधा असे. पोहे, चणे, गूळ. दर्यावर कोणी मेला तर पाण्यात सोडून देत.

मॉरिशसमध्ये पोहोचल्यावर रस्त्याचे काम. खडी फोडायची, पूल बांधायचे. सुमारे दीड हजार हिंदी कैदी १८१५ ते १८३७ या काळात तिथे गेले. त्यांत बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. मॉरिशसमध्ये आज जो मराठी समाज आहे, तो यांचा वंश समजू नये. तो पुढच्या काळात करारावर गेलेल्या मजुरांचा. कैद्यांना बायका नव्हत्या, जमीन नव्हती. बहुतेकांचा वंशच चालला नाही.

त्यांना पाहिलेल्या एका जगप्रसिद्ध माणसाची साक्ष मात्र आपल्याजवळ आहे. १८३६ च्या एप्रिलअखेरीस ‘बीगल’ जहाज मॉरिशसला आले, त्यावर सत्तावीस वर्षांचा चार्ल्स डार्विन होता. त्याने आपल्या प्रवासवर्णनात या कैद्यांबद्दल एक परिच्छेद लिहिला आहे. तेव्हा तिथे सुमारे आठशे हिंदी कैदी होते. काळीसावळी कांती, वृद्धांच्या पांढऱ्याशुभ्र दाढ्या-मिश्या, चेहऱ्यावरचे तेज पाहून डार्विन चकित झाला. हे लोक शांत आहेत, स्वच्छ राहतात, आपले धर्माचार पाळतात, असे तो लिहितो. काही जण तर अशा कारणांसाठी आले आहेत की ज्यांना नीतीच्या दृष्टीने अपराध म्हणणे अवघड, असेही तो नोंदवतो. याला वजन आहे ते असे की डार्विन चारच महिन्यांपूर्वी सिडनीला जाऊन आला होता. मेरी वेडच्या पंथाचे कैदी त्याने ताजे ताजे पाहिले होते, आणि दोघांकडे एका नजरेने पाहणे अशक्य आहे, असे त्याचे मत पडले. त्याच्या मते सिडनीचे कैदी अगदी हीन. गंमत पाहा. ज्यांना त्याने हीन म्हटले त्यांच्या वंशात पंतप्रधान निघाला; ज्यांच्या चेहऱ्यावर त्याला तेज दिसले त्यांच्यातल्या एकाचेही नाव त्याने लिहून घेतले नाही.

हा व्यवहार एकतर्फी नव्हता, हेही जाता जाता सांगायला हवे. आपले कैदी पूर्वेकडे जात होते तसे तिकडचे चिनी आणि मलायी कैदी आपल्याकडे येत होते. महाबळेश्वरला त्यांच्यासाठी तुरुंग होता, कैदी सुमारे एकशेवीस. त्यांनी तिथले रस्ते केले, बटाटे आणि भाजीपाला पिकवला, वेताच्या टोपल्या विणल्या. १८६४ मध्ये तो तुरुंग बंद झाला. तिथला ‘चायनामन’ धबधबा पाहायला आपण जातो, तो त्यांच्याच नावाचा. त्यांचेही काळे पाणी होते, फक्त ते आपल्या सह्याद्रीत होते.

सिंगापूरची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे मद्रास, बंगाल, मुंबई, तिन्ही इलाख्यांतले कैदी होते आणि ते शहरच मुळी त्यांनी बांधले. सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल १८५६ ते १८६१ या काळात कैद्यांच्या हातांनी उभे राहिले. त्याच्या भिंतींचा गिलावा मद्रासी पद्धतीचा. चुना, अंड्यातला पांढरा बलक आणि जाडी साखर यांचा लगदा घोटायचा, त्यात नारळाची सोडणे भिजवलेले पाणी घालायचे, आणि वाळल्यावर गुळगुळीत गोट्याने घासून संगमरवरासारखी चकाकी आणायची. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांतल्या गवंड्याला यात नवल वाटणार नाही. आज राष्ट्राध्यक्षांचे निवासस्थान असलेली ‘इस्ताना’ ही इमारतही त्यांचीच. वाघांनी सतावले तेव्हा शिकारीलाही कैद्यांच्याच टोळ्या धाडल्या.

या कैद्यांवर पहारा कोणाचा? तर कैद्यांचाच. नीट वागणारा कैदी पायरी पायरीने वर चढे. आधी बेडी सुटे, मग हाताखाली माणसे येत, मग बाहेर राहून कामधंदा करण्याची चिठ्ठी मिळे. तिथला तुरुंगाधिकारी मॅकनेअर याने १८९९ मध्ये एक पुस्तक लिहिले, त्याच्या नावाचाच अर्थ ‘कैदी हेच त्यांचे पहारेकरी’ असा होतो. सिडनीतही वेगळे नव्हते. १७८९ मध्ये तिथे पहिला रात्रपहारा बसवला तो बारा कैद्यांचाच. अंदमानातला पेटी ऑफिसर याच परंपरेतला. आणि आपल्या धरणगावात औट्रमने जे केले, ते तरी याहून वेगळे काय होते? फरक एवढाच की धरणगावच्या माणसाला त्यासाठी समुद्र ओलांडावा लागला नाही. संध्याकाळी कवायत संपली की तो आपल्या झोपडीत, आपल्या पोराबाळांत जाई. मला विचाराल तर चोराच्या आयुष्याचे पुढे काय झाले, हे त्याने किती चोरले यावर फारसे ठरलेच नाही. पुढे त्याच्या हाती कोणी काय सोपवले, यावर ठरले.

१८५८ च्या मार्चमध्ये डॉक्टर वॉकर दोनशे कैदी घेऊन अंदमानला उतरला. ते बंडातले. पण थोड्याच वर्षांत बेट साध्या गुन्हेगारांनी भरू लागले. १८७३ मध्ये सिंगापूरकडचे उरलेसुरले कैदीही तिथेच आणले. दरम्यान १८६२ पासून आपला दंडसंहितेचा कायदा लागू झाला होता. त्यातले पंचाहत्तरावे कलम भुरट्या चोराच्या दृष्टीने फार महत्त्वाचे. एकदा तीन वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात दोषी ठरलेला माणूस पुन्हा तसल्याच गुन्ह्यात सापडला, तर त्याला जन्मभर काळ्या पाण्यावर धाडता येत असे. साध्या चोरीची कमाल शिक्षा तीन वर्षे! म्हणजे लोटा किंवा कोंबडी चोरून दोनदा सापडलेला माणूसही कायद्याच्या अक्षरानुसार या कलमात बसू शके. न्यायाधीश दर वेळी एवढे टोक गाठत नसत, हे खरे. पण सराईत म्हणून शिक्का बसलेल्याच्या मानेवर ती टांगती तलवार राहिली. हा पूर्वीचाच माणूस हे सिद्ध करायला १८९७ मध्ये कलकत्त्याला बोटांच्या ठशांची कचेरी निघाली. आधी कपाळावर गोंदत होते, आता बोटे शाईत बुडवू लागले. आणि १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने, जो मुंबई इलाख्यात १९११ पासून आला, काही जमातींची पोरे जन्मतःच संशयित ठरली. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. पारध्यांच्या पालावर आजही चोरीच्या तपासासाठी प्रथम कोण जाते, हे आपल्याला ठाऊक आहे.

अंदमानातले आयुष्य कसे होते? गळ्यात लाकडी बिल्ला. त्यावर नंबर, कलम, शिक्षेची तारीख आणि सुटकेची तारीख. सावरकरांच्या बिल्ल्यावर १९६० साल होते, हे आपण शाळेत शिकतो. चोराच्याही बिल्ल्यावर असेच एक साल असे, ते कोणी पाठ केले नाही. आरंभी कोठडी, मग टोळीने जंगलतोड, दलदलीत काम, हिवताप. सुटायला वीस-पंचवीस वर्षे. मात्र दहाएक वर्षे नीट काढली तर कैदी ‘स्वावलंबी’ होई. त्याला थोडी जमीन मिळे, गाय पाळता येई, गावाकडून बायकोला बोलावून घेता येई, नाहीतर तिथल्याच एखाद्या कैदी बाईशी लग्न करता येई.

बायको आली का? हा खरा प्रश्न. दहा वर्षांनी एक सरकारी कागद गावी येणार, पाटील तो वाचून दाखवणार, की तुझा नवरा बोलावतो आहे. ना ती विधवा, ना सवाष्ण. जायचे तर पाणी ओलांडायचे, जात सोडायची, माहेर कायमचे तुटणार. राहायचे तर चोराची बायको म्हणून. काही जणी गेल्या, पुष्कळ गेल्या नाहीत. ज्यांनी तिथेच संसार मांडले त्यांच्या मुलांना ‘लोकल बॉर्न’ म्हणू लागले. बाप एका मुलखाचा, आई दुसऱ्या, घरात बोलायची हिंदुस्थानी. जात विचारायची सोय नाही, कारण सगळ्यांचीच पाण्यात गेलेली. त्यांची घराणी पोर्ट ब्लेअरमध्ये आजही आहेत. आपला मूळ पुरुष कुठल्या जिल्ह्यातला, एवढे काहींना ठाऊक असते. कोणत्या गुन्ह्यासाठी आला, हे घरात फार बोलले जात नाही. मेरी वेडच्या पणतवंडांचा रुबाब अजून इकडे आलेला नाही. आपण अंदमानला सहलीला जातो, सेल्युलर जेलपुढे हात जोडतो, ते योग्यच आहे; पण जिथे उतरतो त्या हॉटेलचा मालक कोणाचा नातू, हे विचारत नाही.

अंदमानला साधे कैदी धाडणे थांबवावे, अशी शिफारस १९१९-२० च्या तुरुंग समितीने केली. तरी ते रडतखडत चालूच राहिले आणि १९४२ मध्ये जपान्यांनी बेटे घेतली तेव्हा संपले. कायद्याच्या पुस्तकातून ‘समुद्रापार रवानगी’ हे शब्द निघायला मात्र १ जानेवारी १९५६ उजाडावा लागला. त्या दिवसापासून त्यांच्या जागी ‘जन्मठेप’ आली. दंडसंहिताही आता गेली. जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्यात पाच हजार रुपयांच्या आतली चोरी, तीही पहिल्यांदा आणि माल परत केलेला असेल, तर शिक्षा एकच, समाजसेवा. अठरा पेन्सचा फ्रॉक त्यात आरामात बसला असता. सराईतासाठी वाढीव शिक्षेचे कलम मात्र या नव्या कायद्यातही आहे, जन्मठेपेसकट.

कोणाला या माणसांचा माग काढावासा वाटला तर एक जागा सांगून ठेवतो. मुंबईला काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत महाराष्ट्र शासनाचे पुराभिलेखागार आहे. तिथे जुन्या न्याय खात्याची दफ्तरे आहेत. ओल्ड बेलीसारखे सवाल-जबाब अशा दफ्तरात क्वचितच हाती लागतात. कैद्यांच्या याद्या असतात. नाव, बापाचे नाव, जात, गाव, वय, उंची, गुन्हा, शिक्षा. आणि शेवटच्या रकान्यात, पळाला तर ओळखता यावा म्हणून, अंगावरच्या खुणा. कान टोचलेले, तोंडावर देवीचे वण, डाव्या हातावर गोंदण, पाठीवर जुन्या फटक्यांचे वळ. नावाचे इंग्रजी लेखन असे की मूळ नाव ओळखू येऊ नये. गावाचे नाव मात्र जरा नेटाने वाचले तर लागते. खानदेशातल्या माणसाला ते अधिक लवकर लागेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)